फास, तार आणि नियतक्षेत्र : खानदेशातील अवैध शिकार आणि वनरक्षकांचे काम

जळगाव आणि धुळे जिल्ह्यांत जंगल सलग नाही. ते कडेकडेने उरले आहे. उत्तरेला रावेर, यावल, चोपडा आणि शिरपूर तालुक्यांच्या माथ्यावर सातपुडा आहे. दक्षिणेला चाळीसगाव, पाचोरा, जामनेरच्या बाजूने सातमाळा-अजिंठ्याच्या रांगा आहेत. पश्चिमेला साक्री तालुक्यात सह्याद्रीचे फाटे उतरतात. मधला तापीकाठचा काळ्या मातीचा पट्टा केळी, कापूस आणि उसाने व्यापला आहे. या मांडणीमुळे खानदेशात शेताचा बांध आणि जंगलाची हद्द जागोजागी एकमेकांना चिकटलेल्या आहेत. इथली बरीचशी शिकारही याच शिवेवर होते.

संरक्षित क्षेत्रे मोजकी आहेत. यावल अभयारण्य १९६९ मध्ये जाहीर झाले. त्याचे क्षेत्र १७७.५२ चौरस किलोमीटर असून सुकी, अनेर या नद्या त्याच परिसरातल्या. शिरपूर तालुक्यातले अनेर धरण अभयारण्य १९८६ चे, ८२.९४ चौरस किलोमीटरचे. त्याच वर्षी जाहीर झालेले गौताळा औट्रमघाट अभयारण्य सुमारे २६० चौरस किलोमीटरचे आहे; त्याचा काही भाग चाळीसगाव तालुक्यात, पाटणादेवीच्या बाजूला येतो. याशिवाय मुक्ताईनगर तालुक्यातले वढोदा वनपरिक्षेत्र वाघांच्या वावरामुळे महत्त्वाचे ठरले आहे. बाकीचे जंगल प्रादेशिक वनविभागांकडे आहे. धुळे वनवृत्ताखाली धुळे, जळगाव, यावल, नंदुरबार आणि मेवासी असे विभाग येतात. यावल आणि अनेरचा कारभार मात्र वन्यजीव विभागाकडे, नाशिकहून चालतो.

आकाराने लहान असली तरी ही जंगले दुवा म्हणून मोलाची आहेत. मेळघाटातून अंबाबरवा, वढोदा, यावल आणि पुढे अनेरपर्यंत सातपुड्याचा पट्टा वन्यप्राण्यांची वाट ठरतो. वढोद्यातल्या डोलारखेडा परिसरात वाघ केळीच्या बागांचा आडोसा घेतात. बारमाही सावली, ओलावा आणि रानडुकरांचा वावर यामुळे बाग त्यांना जंगलासारखीच सोयीची पडते. मार्च २०२१ मध्ये यवतमाळ जिल्ह्यातल्या टिपेश्वरहून निघालेला वाघ गौताळ्यात कॅमेऱ्याने टिपला गेला. वाघ-बिबट्यांच्या जोडीने अस्वल, चौशिंगा, भेकर, चिंकारा, नीलगाय, रानडुक्कर, साळिंदर, खवल्या मांजर, घोरपड आणि मोर हे इथले वन्यधन. रानपिंगळा या दुर्मीळ घुबडाचा तर खानदेशाशी जुना संबंध आहे. १८८० च्या दशकात जेम्स डेव्हिडसन या अधिकाऱ्याने त्याचे नमुने खानदेशात गोळा केले. पुढे एकशेतेरा वर्षे या पक्ष्याची खात्रीशीर नोंद नव्हती. नोव्हेंबर १९९७ मध्ये पामेला रासमुसेन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना तो तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातल्या शहाद्याजवळ पुन्हा दिसला. नंतर यावलमध्येही तो आढळला.

शिकारीच्या परवान्यापासून बंदीपर्यंत

शिकार हा गुन्हा ठरण्याआधी खानदेशात ती सरकारी धोरणाचा भाग होती. एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीला शेती वाढवायची तर वाघ मारला पाहिजे, असाच कंपनी सरकारचा हिशेब होता आणि मारलेल्या वाघामागे बक्षीस दिले जाई. १८२५ मध्ये खानदेश भिल्ल पलटण उभी करणारा जेम्स औट्रम हा त्या काळातला सर्वांत नामांकित शिकारी. दहाएक वर्षांत त्याच्या हजेरीत जवळपास दोनशे वाघ मारले गेल्याची नोंद त्याच्या चरित्रात आहे. भिल्ल तरुणांचा विश्वास त्याने मिळवला तो बऱ्याच अंशी शिकारीतल्या धाडसामुळे. कन्नडच्या घाटाला त्याचे नाव मिळाले आणि तेच पुढे अभयारण्याच्या नावात आले.

स्वातंत्र्यानंतर मुंबई राज्याने १९५१ मध्ये वन्य पशुपक्षी संरक्षणाचा कायदा केला. पण त्याचा पाया परवान्याचा होता : ठरावीक हंगामात, ठरावीक प्राण्यांची शिकार करता येई. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२ मध्ये आला, तेव्हाही परवान्याची तरतूद पूर्ण गेली नव्हती. १९९१ च्या दुरुस्तीने ती संपली आणि हौशी शिकारीचा कायदेशीर दरवाजा बंद झाला.

या बदलाचा भार मात्र सर्वांवर सारखा पडला नाही. संस्थानिक आणि साहेब यांची शिकार इतिहासजमा झाली. होळीच्या सुमारास गावाने मिळून निघायचे ते पारधीचे रिवाज आणि ससे-तितरांवर पोट भरणाऱ्या भटक्या जमातींचा व्यवसाय गुन्ह्यात बसला. १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींवर जन्मतःच गुन्हेगारीचा शिक्का मारला होता; तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला, पण संशयाची नजर टिकली. वन गुन्ह्याच्या तपासात ही नजर आजही आडवी येते. ठरावीक वस्तीवर धाड टाकणे सोपे असते. मांस विकत घेणारा आणि गाडी पुरवणारा त्यामुळे बाहेरच राहतो.

कायदा काय म्हणतो

१९७२ च्या अधिनियमातली शिकारीची व्याख्या रूढ कल्पनेपेक्षा बरीच रुंद आहे. प्राणी मारणे, त्याला विष घालणे, पकडणे, फास किंवा सापळा लावणे, आमिष दाखवणे, हाका करून हुसकणे आणि यांपैकी काहीही करण्याचा प्रयत्न करणे, हे सारे शिकारीतच मोडते. पक्षी आणि सरपटणाऱ्या प्राण्यांची अंडी किंवा घरटी यांना धक्का लावणे हाही गुन्हा आहे. त्यामुळे जंगलात लावलेला फास रिकामा सापडला तरी गुन्हा नोंदवता येतो. कलम ९ शिकारीला बंदी घालते आणि कलम ३९ प्रमाणे शिकार झालेला प्राणी सरकारची मालमत्ता ठरतो.

२०२२ च्या दुरुस्तीने अनुसूचींची संख्या कमी केली आणि दंड वाढवला. ती १ एप्रिल २०२३ पासून लागू झाली. वाघ, बिबट्या, अस्वल, चौशिंगा, चिंकारा, खवल्या मांजर, घोरपड आणि मोर हे अनुसूची एकमध्ये आहेत. या यादीतल्या प्राण्याची शिकार किंवा अभयारण्याच्या हद्दीतली शिकार यासाठी तीन ते सात वर्षे कारावास आणि किमान २५ हजार रुपये दंड आहे.

कायद्यात अपवादही आहेत. माणसाच्या जिवाला धोका ठरलेला प्राणी मारण्याची परवानगी कलम ११ खाली राज्याचे मुख्य वन्यजीव रक्षक देऊ शकतात. चाळीसगाव तालुक्यात २०१७ मध्ये बिबट्याने अनेक बळी घेतले. डिसेंबरमध्ये अशा परवानगीने बोलावलेल्या नेमबाजाने वरखेडे परिसरात त्याला मारले. पिकांची नासाडी करणाऱ्या रानडुक्कर व नीलगायीबाबतही रीतसर अर्ज करून परवानगी घेण्याची सोय आहे. प्रत्यक्षात अर्ज, पाहणी आणि परवानाधारक बंदूकवाला मिळेपर्यंत पीक हातचे गेलेले असते. या कोंडीतूनच पुढे बांधावरची तार येते.

वनहक्क कायदा, २००६ याबद्दलही एक गैरसमज आहे. त्या कायद्याने वनोपज, चराई, वहितीची जमीन यांवरचे हक्क मान्य केले, पण शिकारीचा पारंपरिक हक्क त्यातून स्पष्टपणे वगळला. उलट कलम ५ ने वन्यजीवांचे रक्षण करण्याचा अधिकार ग्रामसभेकडे दिला.

शिकारीच्या पद्धती

फास ही सर्वांत स्वस्त आणि सर्वांत जास्त जीव घेणारी पद्धत. मोटारसायकलच्या क्लच किंवा ब्रेकची वायर, तिचा सरकता फासा आणि तो बांधायला सागाचा खुंट, एवढेच साहित्य लागते. सशासाठी फासा जमिनीपासून वीतभर उंचीवर असतो, रानडुकरासाठी गुडघ्याच्या पातळीला. दोन्ही बाजूंनी काटेरी फांद्या रचून प्राण्याला एकाच फटीतून जायला भाग पाडतात. फास प्राणी ओळखत नाही. डुकरासाठी लावलेल्या फासात बिबट्या कमरेतून अडकतो आणि सुटण्याच्या झटापटीत वायर अधिकच रुतते. तारेला जंग चढला तरी फास जिवंतच असतो. लावणारा विसरून गेला तरी त्याचे काम चालू राहते.

विजेची तार ही शेतीपट्ट्यातली पद्धत. बांधाच्या कडेने लाकडी खुंट्या ठोकायच्या, त्यांवर रिकाम्या बाटल्या बसवायच्या, त्यावरून उघडी तार ओढायची आणि पंपाच्या किंवा उच्चदाबाच्या वाहिनीवर आकडा टाकायचा. शेतीचा थ्री-फेज पुरवठा रात्री असतो त्या आठवड्यात ही तार जिवंत होते. रानडुकराबरोबर बिबट्या, कोल्हा, गुरे आणि कधी माणूसही त्यात जातो. अशा प्रकरणात वनगुन्ह्याबरोबर वीजचोरीचा आणि माणूस दगावला तर सदोष मनुष्यवधाचाही गुन्हा लागू शकतो.

तिसरी पद्धत स्फोटकाची. कणकेच्या किंवा चरबीच्या गोळ्यात दारू आणि खडी भरलेला गावठी बॉम्ब रानडुकराच्या वाटेवर ठेवतात. चावताच जबडा फुटतो. चौथी विषाची. उन्हाळ्यात पाणवठे आटले की उरलेल्या डबक्यात किंवा मारलेल्या गुरावर शेतीतले कीटकनाशक टाकले जाते. वाघ-बिबट्याने गाय मारल्यावर रागाने केलेली विषबाधा शिकाऱ्याच्या विषबाधेइतकीच घातक ठरते, कारण त्या मढ्यावर कोल्हे, कुत्री आणि गिधाडेही येतात.

बंदुकीने होणारी शिकार संख्येने कमी, पण गस्तीसाठी सर्वांत धोकादायक. ठासणीची बंदूक जुनी. गावठी कट्टा नवा. मध्य प्रदेशातल्या बडवानी जिल्ह्याच्या उमर्टी भागातून येणारे कट्टे जळगाव-धुळे पोलिसांच्या कारवायांत वारंवार सापडतात, आणि हा भाग चोपडा-शिरपूरच्या वनहद्दीला लागून आहे. गाडीवर झोतदिवा लावून रात्री ससे किंवा चिंकारा टिपणे, शिकारी कुत्र्यांनी घोरपड उकरणे, तितर-लाव्ह्यांसाठी जाळी पसरणे आणि गलोल हे बाकीचे प्रकार. तापीवरच्या हतनूर जलाशयासारख्या ठिकाणी हिवाळ्यात उतरणारे स्थलांतरित पाणपक्षीही जाळ्यांच्या टप्प्यात येतात.

शिकार कोण करतो आणि कशासाठी

शिकाऱ्यांचे ढोबळ चार गट पडतात. पहिला घरच्या कालवणापुरती शिकार करणारा. दुसरा पीक वाचवण्यासाठी तार लावणारा शेतकरी. मेलेले डुक्कर वाटून खाल्ले की हा गट पहिल्यात मिसळतो. तिसरा हौसेचा : शहरातून गाडी, दिवा आणि बंदूक घेऊन येणारा, स्थानिक वाटाड्याला पैसे देणारा. चौथा गट व्यापारी टोळ्यांचा.

टोळ्यांची पद्धत मेळघाटात २०१३ मध्ये उघड झाली. मध्य प्रदेशातल्या कटनी भागातून आलेल्या सराईत शिकाऱ्यांनी तिथे लोखंडी सापळ्यांनी वाघ मारले होते. तपासात मोबाईलच्या नोंदींचा मोठा उपयोग झाला. मेळघाटात वन्यजीव गुन्ह्यांसाठी स्वतंत्र सायबर कक्ष उभा राहिला आणि पुढे अमरावतीच्या न्यायालयात शिक्षाही झाल्या. टोळीला जिल्ह्याची हद्द नसते. मेळघाटला जोडलेल्या वढोदा-यावल पट्ट्यासाठी या प्रकरणाचा धडा सरळ आहे.

बाजाराचीही दोन रूपे आहेत. मांस बहुधा जवळच खपते; ढाबा, ओळखीचे गिऱ्हाईक, आठवडी बाजाराचा दिवस. कातडी, नखे, दात, खवले आणि जिवंत प्राणी मात्र लांब जातात. मुंबई-आग्रा महामार्ग धुळे-शिरपूरवरून पळासनेरमार्गे मध्य प्रदेशात शिरतो, सुरत-नागपूर महामार्ग धुळे-जळगाववरून जातो आणि भुसावळ हे मोठे रेल्वे जंक्शन आहे. मालाची ने-आण करणाऱ्याला याहून सोयीचा भाग सापडणे अवघड.

अंधश्रद्धेवर चालणारा धंदा वेगळाच. मांडूळ सापाने गुप्तधन सापडते, दिवाळीच्या अमावास्येला घुबडाचा बळी दिला की लक्ष्मी येते, अशा समजुतींवर हजारो-लाखोंचे व्यवहार ठरतात आणि बहुतेक फसवणुकीत संपतात. प्राणी मात्र जिवाला मुकतो. ‘हत्थाजोडी’ नावाने पूजासाहित्यात विकले जाणारे मूळ प्रत्यक्षात नर घोरपडीचे वाळवलेले जननेंद्रिय असते, हे २०१७ च्या सुमारास तपासणीतून पुढे आले. खवल्या मांजराच्या खवल्यांना पूर्व आशियात औषध म्हणून मागणी आहे. साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराने २०१७ पासून त्याच्या सर्व प्रजातींचा व्यापार बंद केला. देशपातळीवर अशा साखळ्यांचा माग काढण्यासाठी २००७ मध्ये वन्यजीव गुन्हे नियंत्रण ब्युरो स्थापन झाला.

वनरक्षकाचे दिवसाचे आणि रात्रीचे काम

या सगळ्यासमोर वनखात्याचा सर्वांत पुढचा माणूस असतो तो वनरक्षक. जंगलाची वाटणी वनवृत्त, वनविभाग, वनपरिक्षेत्र, परिमंडळ आणि नियतक्षेत्र अशी उतरत येते. परिक्षेत्र वनक्षेत्रपालाकडे, परिमंडळ वनपालाकडे आणि नियतक्षेत्र वनरक्षकाकडे. एका नियतक्षेत्राचा विस्तार काही शे ते हजारांहून अधिक हेक्टर. मदतीला एखाद-दुसरा वनमजूर.

भरतीत पुरुष उमेदवाराला २५ किलोमीटर आणि महिलेला १६ किलोमीटर अंतर चार तासांत चालून दाखवावे लागते. नोकरी लागल्यावर ते चालणे रोजचे होते. निवड झालेल्यांचे प्रशिक्षण वनविभागाच्या संस्थांत होते. त्यांपैकी एक यावल अभयारण्याच्या कुशीत, रावेर तालुक्यातल्या पाल इथेच आहे.

वनरक्षकाची कामे ऋतूप्रमाणे बदलतात. पावसाळ्यात रोपवन आणि नव्याने नांगरली जाणारी वनजमीन यांवर लक्ष. हिवाळ्यात सागाची तोड आणि जळाऊ लाकूड. फेब्रुवारीपासून जूनपर्यंत वणवा. त्याआधी जाळरेषा काढून ठेवायच्या. उन्हाळ्यात पाणवठ्यांची फेरी : पाण्याचा वास, काठावर मेलेली पाखरे किंवा मासे, दबा धरण्यासाठी रचलेला पाला, ताजे बुटांचे ठसे. बुद्धपौर्णिमेच्या रात्री मचाणावर बसून प्राण्यांची नोंद. त्यात सातपुड्यात धावडा आणि सालईच्या डिंकाची चोरटी काढणी, शिरपूर तालुक्यात वनजमिनीवर लपवून केलेली गांजाची लागवड, आणि बिबट्याने बकरी नेली की भरपाईचा पंचनामा. शिकार रोखणे हे या यादीतले एक काम. तेवढ्यासाठी वेगळा माणूस नसतो.

फासाच्या शोधाचे तंत्र साधे पण चिकाटीचे आहे. वनरक्षक रस्त्याने नव्हे, जनावरांच्या पायवाटेने चालतो. वाटेच्या दोन्ही बाजूंना नव्याने तोडलेल्या फांद्या, खुंटावर सालीला पडलेला गोल चरा, एकाच रेषेत रचलेले कुंपण दिसले की तो थांबतो. एक फास सापडला तर जवळपास आणखी दहा असू शकतात, म्हणून सगळी ओळ तपासावी लागते. कधी फास लगेच काढत नाहीत. बाजूला दबा धरून बसतात, कारण लावणारा पहाटे पाहायला येतोच. विजेच्या तारेसाठी महावितरणच्या उपकेंद्राची नोंद कामी येते. रात्री एखादा फीडर अचानक बंद पडला तर त्याच्या टप्प्यातले शिवार सकाळी पालथे घालता येते.

गुन्हा ते न्यायालय

खटल्याचे भवितव्य पहिल्या काही तासांत ठरते. घटनास्थळी आलेला वनरक्षक जागा राखतो, गर्दी मागे हटवतो, दोन पंच बोलावतो. प्राथमिक गुन्हा अहवाल, म्हणजे बोलीतला ‘पी.ओ.आर.’, फाडला जातो. पंचनाम्यात जागेचे अक्षांश-रेखांश, जवळची खूण, कक्ष क्रमांक, मुद्देमालाचे वर्णन, मापे आणि छायाचित्रे येतात. मांस शिजवलेले असले तरी भांड्यासह जप्त होते. केस, रक्त किंवा मांसाचा तुकडा मोहोरबंद करून तपासणीला जातो. प्रजातीची खात्री डेहराडूनची भारतीय वन्यजीव संस्था किंवा हैदराबादची लॅकोन्स प्रयोगशाळा डीएनएवरून करून देते. या अहवालाशिवाय ‘हे बकऱ्याचे मांस आहे’ हा बचाव खोडता येत नाही. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेने झडती-जप्तीच्या चित्रीकरणाला महत्त्व दिले आहे. त्यामुळे पंच फुटल्याने पडणारे खटले काही प्रमाणात सावरू शकतात.

वन्यजीव अधिनियमाचे कलम ५० वन अधिकाऱ्याला झडती, जप्ती आणि अटकेचे अधिकार देते. सहायक वनसंरक्षक किंवा त्यावरच्या अधिकृत अधिकाऱ्यासमोर, आरोपीच्या उपस्थितीत नोंदवलेला पुरावा न्यायालयात ग्राह्य धरता येतो. कलम ५७ प्रमाणे वन्यप्राण्याचा भाग आरोपीच्या ताब्यात होता हे सिद्ध झाले, की तो कायदेशीर असल्याचे दाखवण्याची जबाबदारी आरोपीवर येते. कागदावर ही हत्यारे धारदार आहेत.

अडचण पुढे येते. वन गुन्ह्यात पोलिसांसारखे दोषारोपपत्र नसते. कलम ५५ प्रमाणे वन अधिकारी थेट न्यायदंडाधिकाऱ्यासमोर फिर्याद दाखल करतो. अशा फिर्यादी खटल्यात आरोप निश्चित होण्याआधी एकदा आणि नंतर पुन्हा साक्ष द्यावी लागते. तोवर वनरक्षकाची बदली झालेली असते, पंच मजुरीला गुजरातेत गेलेला असतो, वायरवरचे लेबल उडालेले असते. खटला पडतो तेव्हा त्याचे कारण बहुधा कायद्याची कमजोरी नसते. पंचनाम्यातली एखादी चुकलेली वेळ, न जुळणारा मोहोरेचा ठसा किंवा जप्तीपासून प्रयोगशाळेपर्यंतच्या साखळीतला एक गहाळ दिवस एवढे पुरते.

धोके आणि उणिवा

वनरक्षकाच्या हातात बहुतेक वेळा काठीच असते. समोर कुऱ्हाड, गोफण किंवा कट्टा असू शकतो. मे २०२२ मध्ये मध्य प्रदेशातल्या गुना जिल्ह्यात काळवीट मारणाऱ्यांनी तीन पोलिसांना गोळ्या घातल्या. त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये रावेरला लागून असलेल्या बुऱ्हाणपूर जिल्ह्यात बाकडी वनचौकीतल्या बंदुका अतिक्रमण करणाऱ्यांच्या जमावाने लुटल्या. यावलच्या उत्तर हद्दीवरही लाकूडतोडे आणि अतिक्रमण करणाऱ्यांशी वनकर्मचाऱ्यांच्या चकमकी होत आल्या आहेत. प्राण्यांचा धोका वेगळा : नोव्हेंबर २०२१ मध्ये ताडोबात व्याघ्रगणनेच्या पायी पाहणीत असलेली महिला वनरक्षक वाघिणीच्या हल्ल्यात मृत्यू पावली. कर्तव्यावर प्राण गमावलेल्या अशा कर्मचाऱ्यांच्या स्मरणार्थ ११ सप्टेंबर हा राष्ट्रीय वनशहीद दिन पाळला जातो. १७३० मध्ये याच तारखेच्या आसपास राजस्थानातल्या खेजडलीत झाडांसाठी बिश्नोईंनी प्राण दिले होते.

खानदेशाची आणखी एक अडचण प्रशासकीय आहे. विशेष व्याघ्र संरक्षण दल, नियमित कॅमेरा सापळे, गस्तीची संगणकीय नोंद, श्वान पथके आणि त्यामागचा निधी ही यंत्रणा मुख्यतः व्याघ्र प्रकल्पांभोवती उभी आहे. जळगाव-धुळ्यात एकही व्याघ्र प्रकल्प नाही. मेळघाटातून बाहेर पडलेला वाघ मुक्ताईनगरच्या केळीबागेत पोहोचला, की तो कडेकोट पहाऱ्यातून एका वनरक्षकाच्या नियतक्षेत्रात आलेला असतो. एकच सलग जंगल प्रादेशिक आणि वन्यजीव अशा दोन विभागांत, शिवाय दोन राज्यांत वाटलेले असल्याने माहितीही वाटली जाते. शिकारी हद्द ओलांडतो तेव्हा पाठलाग मात्र हद्दीवर थांबतो.

गाव सोबत असेल तर

जंगलात काय चालले आहे हे वनखात्याच्या आधी गावाला कळते. साक्री तालुक्यातल्या बारीपाड्याचे उदाहरण या दृष्टीने महत्त्वाचे आहे. चैत्राम पवार यांच्या पुढाकाराने या कोकणा आदिवासी गावाने १९९० च्या दशकाच्या सुरुवातीपासून सुमारे चारशे हेक्टर जंगल राखले. गावाने स्वतः नियम केले, तोडीवर दंड बसवला, राखणदार नेमले. उजाड डोंगर भरला, विहिरींना पाणी आले. पवार यांना २०२५ मध्ये पद्मश्री मिळाली. तिथला धडा असा, की नियम गावाने केला तर तो मोडणाऱ्याला गावच ओळखते आणि अडवते. बाहेरून आलेल्या एकट्या वनरक्षकाला ते जमणे कठीण.

त्याची दुसरी बाजू भरपाईची. गाय मेल्यावर पंचनामा त्याच दिवशी झाला आणि पैसे वेळेत मिळाले, तर मढ्यावर विष पडत नाही. पिकाच्या नुकसानीचा अर्ज महिनोन्‌महिने पडून राहिला, तर बांधावर तार लागते. म्हणजे शिकार रोखण्याच्या कामातला एक मोठा वाटा गस्तीपेक्षा टेबलावरच्या कागदाचा आहे. सामूहिक सौरकुंपण, केळीबागेच्या कडेने ठरवून ठेवलेली मोकळी पट्टी, रात्रीऐवजी दिवसा शेतीचा वीजपुरवठा हे उपाय वनखात्याबरोबर कृषी आणि वीज खात्याच्याही हातातले आहेत. पक्षी-प्राणीप्रेमी संस्था पाणवठ्यांवर पहारा, सर्पमित्रांचे काम आणि शाळांतून जागृती करतात. साप-घुबडांच्या व्यापाराची पहिली खबर अनेकदा त्यांच्याकडूनच येते.

एकूण पाहता, जळगाव-धुळ्यातली अवैध शिकार कठोर कायद्याच्या अभावी होत नाही. कायदा पुरेसा कठोर आहे. ती होते कारण स्वस्त वायर, रात्रीची वीज, रखडलेली भरपाई आणि मोकळी हद्द एकत्र आली आहेत, आणि त्या सर्वांसमोर एकटा वनरक्षक उभा आहे. वनरक्षकांची रिकामी पदे भरणे, प्रत्येक परिक्षेत्रात पंचनामा आणि नमुना-संकलनाचे नियमित प्रशिक्षण देणे, वन खटल्यांसाठी जाणकार सरकारी वकील नेमणे, मध्य प्रदेशाशी संयुक्त गस्त कायमची करणे आणि सातपुड्याच्या या पट्ट्याला व्याघ्र प्रकल्पाबाहेरही निधी देणे, ही कामे शिक्षेची वर्षे वाढवण्यापेक्षा अधिक फळ देतील. नागरिकाचे काम त्याहून सोपे आहे. रानातले मांस विकत घेऊ नये, आणि फास, तार किंवा संशयास्पद गाडी दिसली तर वनविभागाच्या १९२६ या टोल-फ्री क्रमांकावर कळवावे.